आपल्याच गावात पाहुणे: सोलापुरातल्या मधल्या दराच्या चेन हॉटेलांचे अनुभव

माहेर_मुरारजीपेठ | २१ जानेवारी, रात्री ९:४०

मी सोलापुरात कधी हॉटेलात राहिले नव्हते. कारणच नव्हतं. मुरारजी पेठेत आमचं घर होतं. आई गेल्यावर दोन वर्षांपूर्वी ते विकलं आणि बाबांना ठाण्याला आमच्याकडे आणलं. बाबा ८१ वर्षांचे आहेत. यंदा त्यांनी एकच गोष्ट मागितली: गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला जायचं, मिरवणुकीतले सातही नंदीध्वज डोळ्यांनी बघायचे.

चुलतभावाचं घर आहे, तो आग्रहही करत होता. पण घर दुसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद, आणि बाबांचा एक गुडघा बदललेला. म्हणून लिफ्ट, कमोड आणि रात्री उशिरापर्यंत काउंटरवर माणूस असेल असं मधल्या दरातलं चेन हॉटेल घेतलं. अ‍ॅपवरून तीन रात्री, सगळे पैसे आधीच भरले.

वंदे भारतने रात्री पावणेअकराला उतरलो. हॉटेलवर पोहोचेपर्यंत सव्वाअकरा. काउंटरवरच्या मुलाने आमची आधार कार्डं बघितली आणि म्हणाला, "मॅडम, लोकल आयडी चालत नाही." आमच्या दोघांच्याही कार्डावर अजून मुरारजी पेठेचाच पत्ता आहे. बदलायचा राहून गेला, खरं सांगायचं तर बदलावासा वाटला नाही. मी समजावत होते, तो मुलगा फोन लावत होता, पलीकडून कोणी उचलत नव्हतं. तेवढ्यात सोफ्यावर बसलेले बाबा काठी टेकवत पुढे आले आणि त्याला धीर द्यावा तसं म्हणाले, "अरे बाळ, काळजी करू नको, मी याच गावचा आहे."

त्या वाक्याने माझ्या घशात जे आलं ते अजून उतरलेलं नाही.

चाळीस मिनिटांनी माझं ठाण्याच्या पत्त्याचं ड्रायव्हिंग लायसन्स पर्समध्ये सापडलं आणि खोली मिळाली. खोली चांगली होती, स्वच्छ होती. दुसऱ्या दिवशी सफाईला आलेल्या ताईंनी न सांगता बाथरूममध्ये प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली, बाबांना बसून आंघोळ करता यावी म्हणून. नंदीध्वजही बघितले, बाबांनी हात जोडले. पण ती चाळीस मिनिटं पुसली जात नाहीत.

एप्रिलमध्ये मामेभावाच्या मुलीचं लग्न आहे, पुन्हा जायचं आहे. सोलापुरातल्या आणि अशाच शहरांतल्या चेन हॉटेलांत राहिलेल्यांनी अनुभव लिहा. आधी काय विचारून घ्यायचं ते सांगा. हॉटेलांची नावं नकोत. मॅनेजर बदलला की हॉटेल बदलतं, आणि मला कोणाशी भांडायचं नाही.

---

महिन्याच्या_बारा_रात्री | २१ जानेवारी, रात्री १०:२५

ताई, वाचून वाईट वाटलं. बाबांना नमस्कार सांगा.

मी औषध कंपनीत एरिया मॅनेजर आहे, महिन्यातल्या दहा-बारा रात्री हॉटेलात जातात. सोलापूर, लातूर, नांदेड, कोल्हापूर असा पट्टा. चेन हॉटेलाबद्दल पहिली गोष्ट समजून घ्यायला हवी ती ही की पाटीवरचं नाव आणि इमारतीचा मालक हे बहुतेक वेळा वेगळे असतात. जागा स्थानिक मालकाची. कंपनी एकतर करार करून स्वतःचा मॅनेजर बसवून हॉटेल चालवते, नाहीतर फक्त नाव, बुकिंगची यंत्रणा आणि नियमांची वही देते आणि चालवतो मालकच. दुसऱ्या प्रकारात तुम्ही पुण्यात अनुभवलेलं आणि सोलापुरात मिळणारं यात बराच फरक पडू शकतो, पाटी एकच असली तरी.

आपल्याकडे हा मधला दर तसा नवा. टाटांच्या जिंजर या चेनचं पहिलं हॉटेल बेंगळुरूच्या व्हाइटफील्डला २००४ मध्ये निघालं, तेव्हा त्याचं नाव इंडीवन होतं. लेमन ट्रीचं पहिलं हॉटेलही २००४ मधलंच, गुरुग्रामचं. त्याआधी आमच्यासारख्या फिरत्या माणसाला एकीकडे स्टेशनजवळचा लॉज आणि दुसरीकडे आवाक्याबाहेरचं मोठं हॉटेल, मध्ये फारसं काही नव्हतं. माझे सीनियर सांगायचे, लॉजवर उतरलं की आधी गादी उलटून बघायची. त्या मानाने आज खूप बरं आहे, हे मी मनापासून म्हणतो. पांढरी चादर, चालणारा एसी, आतून लागणारी कडी आणि सकाळी नाश्ता, एवढं तालुक्याच्या कामाला आलेल्या माणसालाही मिळायला लागलं.

तेव्हा ब्रँडपेक्षा त्या इमारतीला फोन करा. अ‍ॅपच्या कॉल सेंटरला नाही, थेट हॉटेलच्या काउंटरला, आणि तोही रात्री साडेनऊनंतर. दिवसा सगळेच गोड बोलतात. रात्री फोन कोण उचलतं, किती वेळाने उचलतं, "बघून सांगतो" म्हणाल्यावर खरंच उलटा फोन येतो का, यावरून ते हॉटेल मला कळतं.

---

रेल्वेलाईन_सोलापूर | २१ जानेवारी, रात्री ११:०२

लोकल आयडीचा अनुभव मलाही. घरात रंगकाम चालू होतं, बायकोला दमा आहे. दोन रात्रींसाठी खोली मागितली तर आपल्याच गावात नकार. शेवटी बाळे भागात बहिणीकडे गेलो.

---

रात्रपाळी_नऊ_वर्षं | २२ जानेवारी, पहाटे १:१५

मी सोलापुरातच फ्रंट ऑफिसला नऊ वर्षं काढलीत, त्यातली सहा रात्रपाळीची. आता दुसऱ्या धंद्यात आहे, म्हणून मोकळं लिहितो.

ताई, आधी बाबांची माफी मागतो. तो पोरगा मी नव्हतो, पण त्या जागेवर मी हजार वेळा उभा राहिलोय.

गावातल्या माणसाला खोली द्यायची नाही असा कायदा नाही. आलेल्या प्रत्येकाचं ओळखपत्र बघायचं, रजिस्टरला नोंद करायची, परदेशी पाहुणा असला तर २४ तासांच्या आत त्याची माहिती सरकारला कळवायची, हे कायद्याचं काम. लोकल आयडी नको हा मालकाचा नियम असतोय. कारण भीती. गावातली जोडपी येतील, गावातली पोरं पार्टी करतील, उद्या काहीतर झालं तर पोलीस आपल्याला बोलावतील. म्हणून सरसकट बंद. आम्हाला ड्युटीवर लागताना पहिल्याच दिवशी सांगितलेलं असतंय. ८१ वर्षांचे आजोबा समोर आले तर काय करायचं, हे कोणी सांगितलेलं नसतंय. पोराला माणूस म्हणून कळतंय की हे चुकायलंय, पण पगारातून कापतील म्हणून हात थरथरतो. मॅनेजर साडेदहाला घरी गेलेला. फोन सायलेंटवर.

आणि पैसे घेताना अ‍ॅपने हे सांगितलं होतं का? बुकिंगच्या पानावर खाली "हॉटेलचे नियम" म्हणून असतंय, तिथे बारीक अक्षरात बहुतेक लिहिलेलं असतंय. ते उघडून वाचायचंच. नसेल लिहिलेलं तर त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, काउंटरवर दाखवा. मग अडवणाऱ्यालाच उत्तर द्यावं लागतंय.

आता रात्रीचं सांगतो, कारण वंदे भारतवाल्यांना हेच कामाला येतंय. ही गाडी २०२३ च्या फेब्रुवारीत सुरू झाली आणि आमच्या ड्युटीची तऱ्हाच बदलली. आधी मुंबईची माणसं सिद्धेश्वर एक्स्प्रेसने सकाळी उतरायची. दुपारचा चेक-इन आणि माणूस उजाडताच दारात, खोली झाली नाही म्हणून भांडण. आता रात्री अकराला एकदम आठ-दहा पाहुणे उभे. त्याच वेळेला दिवसाचा हिशोब बंद करायचा असतोय, किचन बंद व्हायलंय, काउंटरला एकटा पोरगा. खोल्यांपेक्षा जास्त बुकिंग घेतलेलं असलं तर त्याचा मार सगळ्यात शेवटी येणाऱ्याला बसतोय. म्हणून तुमची गाडी दौंडच्या पुढे आली की एक फोन टाका: "आम्ही येतोय, खोली ठेवा, दोन ताटं झाकून ठेवा." नाव सांगा. फोन घेणाऱ्याचंही नाव विचारा. नाव विचारलं की त्या पोराला ते काम आपलं वाटतंय. मी अनुभवाने सांगतोय.

---

माहेर_मुरारजीपेठ | २२ जानेवारी, सकाळी ७:३०

रात्रपाळी दादा, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "त्या पोराचं काही चुकलं नाही." थोड्या वेळाने म्हणाले, "त्याने पाणी आणून दिलं होतं." हे मी लिहायला विसरले होते, ते खरं आहे.

---

टेरी_टॉवेल | २२ जानेवारी, सकाळी ११:१०

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे माग आहेत, टॉवेलचे. वडिलांच्या काळी चादरीचे होते. हॉटेलात गेलो की मी आधी टॉवेल हातात घेतो, सवयच आहे, म्हणून त्याबद्दल लिहितो.

हॉटेलच्या टॉवेलचं वजन ग्रॅममध्ये मोजतात, एका चौरस मीटरला किती ग्रॅम. मधल्या दराच्या हॉटेलात ४५० ते ५५० चा असला तर बरा. पण टॉवेल कितीही चांगला घ्या, आमच्या सोलापूरच्या पाण्यात तो लवकर कडक होतो. शहराच्या कितीतरी भागांत नळाला काही दिवसांआड पाणी येतं. हॉटेलं बोअर आणि टँकरवर चालतात. बोअरचं पाणी जड, त्यात क्षार, साबणाला फेस येत नाही आणि धुतल्यावर पावडर धाग्यात बसून राहते. म्हणून पांढरा टॉवेल सहा महिन्यांत पिवळट आणि खरखरीत होतो. ज्या हॉटेलात पाणी मऊ करायचं यंत्र आहे आणि ते वेळच्या वेळी मिठाने धुतलं जातं, तिथला टॉवेल दोन वर्षांनीही अंगाला लागत नाही. ते खरखरीत टॉवेल बघून लोकांना वाटतं कपडा हलका. कपडा हलका नसतो, पाणी जड असतं. केस धुताना शाम्पूला फेस आला नाही, तर टॉवेलचंही काय होणार ते समजा.

दुसरं, चांगलं हॉटेल दर खोलीमागे तीन जोड ठेवतं: एक खोलीत, एक धुण्याला, एक कपाटात. दोनच जोड असले की पावसाळ्यात ओलसर टॉवेल मिळतात. संध्याकाळी जादा टॉवेल मागून बघा. पाच मिनिटांत आला तर घडी बसलेली आहे. "सकाळी देतो" म्हणाले तर कपाट रिकामं.

आणि मनातलं एक. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. पण सोलापूरच्याच चेन हॉटेलात कपडा बाहेरून येतो, कारण खरेदी वरून होते, एकाच ठिकाणी, सगळ्या शाखांसाठी. मे महिन्यात पारा ४३ च्या वर जातो आणि खोलीत पांढरी जाड रजई. एसी बंद केला तर घाम, चालू ठेवला तर म्हाताऱ्या माणसाला गारठा. तिथे एक चादर हवी असते, आमची, घडी घातलेली, पायथ्याशी ठेवलेली. मी दोन मॅनेजरांना हे सांगितलंय. एकाने चार चादरी स्वतःच्या अधिकारात घेतल्या, मागणाऱ्या पाहुण्यांना देतो म्हणाला. मागत जा, एवढंच म्हणणं आहे. पाहुण्याने मागितलं की ते वहीत जातं.

---

कडक_भाकरी | २२ जानेवारी, दुपारी १:४५

नाश्त्याबद्दल कोणीच लिहिलं नाही अजून!

कुठल्याही शहरातल्या चेन हॉटेलात सकाळी तेच: इडली, मेदुवडा, पोहे, ब्रेड-बटर, कापलेलं पपई. वाईट नसतं. पण माणूस सोलापुरात येऊन शेंगाचटणी न खाता जातो याचं मला फार वाईट वाटतं. कडक भाकरी, दही, शेंगाचटणी, वर थोडं तेल, याला आचारी लागत नाही, गॅस लागत नाही, दही सोडलं तर काही नासत नाही. कडक भाकरी महिना महिना टिकते, तीच तर तिची गंमत. बुफेच्या टेबलावर एका टोपलीत ठेवायची. चुरमुऱ्यांचा सुशीला करायला दहा मिनिटं लागतात. पुण्या-मुंबईच्या पाहुण्याने पोहे घरी खाल्लेलेच असतात.

एका हॉटेलात मी सुचवलं तर शेफ म्हणाले मेन्यू वरून ठरतो, पण "लोकल कॉर्नर" म्हणून एक पदार्थ आमच्या हातात असतो. पुढच्या वेळी गेले तर हुग्गी होती. खपली गव्हाची खीर, तूप सोडलेली. दोन वाट्या खाल्ल्या.

वेळेचं लक्षात ठेवा. नाश्ता साडेसात-आठला उघडतो. परतीची वंदे भारत सकाळी सहाला सुटते, अक्कलकोटला सकाळच्या पूजेला जायचं तर त्याही आधी निघावं लागतं. नाश्ता दरात धरलेला असेल तर आदल्या रात्री आठच्या आत सांगून डबा बांधून घ्या, बहुतेक ठिकाणी देतात.

---

पांढरी_इनोव्हा | २२ जानेवारी, रात्री ११:५०

मी ड्रायव्हर आहे. हडपसरचा. अठरा वर्षं झाली भाविकांना घेऊन फिरतोय. अक्कलकोट, गाणगापूर, तुळजापूर, पंढरपूर ही फेरी महिन्यातून तीनदा तरी होते. मुक्काम सोलापुरात करतात कारण इथून अक्कलकोट ४० किलोमीटर, तुळजापूर ४५, पंढरपूर सत्तरच्या पुढे, सगळं हाताशी. इथे सगळे खोलीचं बोलत आहेत, म्हणून मी पार्किंगचं लिहितो.

पाहुणे वर जातात, मी गाडीत. सीट मागे करायची, काच बोटभर खाली ठेवायची, डास येतात म्हणून पुन्हा वर करायची. उन्हाळ्यात रात्री बारापर्यंत डांबर तापलेलं असतं. एसी लावून झोपता येत नाही, डिझेल जातं आणि बंद गाडीत धुराने जीवही जाऊ शकतो. पहाटे साडेचारला उठायचं, आंघोळीला पाण्याचा नळ शोधायचा. काही ठिकाणी सिक्युरिटीवाला मागच्या संडासाची किल्ली देतो, काही ठिकाणी ती पण नाही. मग स्टेशनवर जातो. आणि त्याच झोपेवर दिवसभर सहा माणसांना घेऊन गाडी चालवायची. पंढरपूर रोडला एकदा मला डुलकी लागली होती, अर्धा सेकंद असेल. मागे दोन लहान मुलं झोपलेली होती. ते मी कोणाला सांगितलं नव्हतं, आज लिहितोय.

चांगली पण हॉटेलं आहेत. सोलापुरात एका ठिकाणी तळघरात सहा कॉट आहेत, पंखे आहेत, चादर देतात, आंघोळीला गरम पाणी, रात्री वरण-भात-भाजी. पैसे घेतात थोडे, पण पाठ टेकते. पाहुण्यांनी बुकिंगच्या वेळी विचारलं की हॉटेलवाले सांगतात. माझ्या अठरा वर्षांत किती जणांनी आपणहून विचारलं ते बोटावर मोजता येईल. २०२३ मध्ये तमिळनाडू सरकारने बांधकामाच्या नियमातच घातलं की हॉटेल-लॉजने पाहुण्यांच्या ड्रायव्हरना झोपायची जागा आणि संडास-बाथरूम द्यायचं. आमच्या ग्रुपवर ती बातमी फिरली तेव्हा सगळ्यांनी हात जोडलेला फोटो टाकला होता. आपल्याकडे पण व्हावं.

---

महिन्याच्या_बारा_रात्री | २३ जानेवारी, सकाळी ८:०५

इनोव्हा दादा, मी कंपनीच्या गाडीने फिरतो आणि आमच्या ड्रायव्हरला रोजचा भत्ता देतो, म्हणून तो कुठे झोपतो हे मी कधी विचारलं नाही. आज त्याला फोन करून विचारलं. गाडीतच. आजपासून हा प्रश्न माझ्या यादीत पहिला.

---

दोन_चिमण्या | २३ जानेवारी, दुपारी ३:२०

माझी मुलं चार आणि सात वर्षांची. विजयपूरला गोलघुमट बघून परत येताना सोलापुरात मुक्काम केला. अ‍ॅपवर "दोन मोठे, दोन लहान" असं स्पष्ट भरलं होतं. काउंटरवर सातच्या मुलाचे वेगळे पैसे, गादी हवी असेल तर आणखी वेगळे. रक्कम मोठी नव्हती, पण दमलेल्या मुलांसमोर ती घासाघीस नको वाटते.

हे लिहिताना आठवलं ते सांगते, मला ही हकीकत फार आवडते. जगभर पसरलेल्या एका मोठ्या हॉटेल-चेनचा पाया ज्यावर पडला ते हेच भांडण. अमेरिकेत मेम्फिसचे केमन्स विल्सन १९५१ मध्ये बायको आणि पाच मुलांना घेऊन गाडीने वॉशिंग्टनला निघाले. वाटेत प्रत्येक ठिकाणी दर मुलामागे जादा पैसे मागितले, खोल्या मात्र कळकट. परत आल्यावर त्यांनी स्वतःच हॉटेल काढलं, १९५२ मध्ये, आईवडिलांच्या खोलीत झोपणाऱ्या मुलांना पैसे नाहीत असं ठरवून. तेच पहिलं हॉलिडे इन. म्हणजे एवढ्या मोठ्या धंद्याच्या मुळाशी लेकरांना घेऊन फिरणाऱ्या बापाचा वैताग आहे. आपल्या हॉटेलवाल्यांनी एवढं जरी लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

आणि बादली! शॉवर असतो, बादली-मग नसतो. लहान मुलाला शॉवरखाली धरून आंघोळ घालून बघा कधी. फोन केला की आणून देतात, मग आधीच का ठेवत नाहीत?

---

हिशोबनीस | २३ जानेवारी, संध्याकाळी ६:४०

बिलाबद्दल थोडं, कारण रात्री दमलेला माणूस सही करून मोकळा होतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला ७५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे, आधी १२ होता. मधल्या दरातलं हॉटेल यातच येतं, तेव्हा बिलावर १२ दिसला तर विचारा. सेवा शुल्क बिलात आपोआप जोडता येत नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचना आहेत आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या उचलून धरल्या. काढत नसतील तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक. मात्र पाण्याच्या बाटलीवरून वाद घालू नका. हॉटेल आपल्या जागेत बसवून सेवा देतं, म्हणून छापील किमतीपेक्षा जास्त घेऊ शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सांगितलं आहे. खोलीत रोज दोन बाटल्या मोफत असतात, त्या संपल्यावर फिल्टरचं पाणी मागितलं की देतात.

---

नवीपेठ_लॉजवाला_मित्र | २३ जानेवारी, रात्री ९:१५

थोडं वेगळं मत मांडतो. चेनच कशाला? नवी पेठेत, स्टेशनजवळ घरच्या माणसांनी चालवलेली कितीतरी हॉटेलं आहेत. मालक स्वतः गल्ल्यावर. रात्री एक वाजता उठून चहा करून देईल. त्याला वरून विचारावं लागत नाही. ताईंच्या बाबांना त्याने "कोणाच्या घरातले?" म्हणून विचारलं असतं आणि दोन मिनिटांत ओळख निघाली असती. देवदर्शनाला आलेल्यांना अक्कलकोट, पंढरपूरला भक्तनिवास आहेतच, स्वच्छ आणि स्वस्त.

---

माहेर_मुरारजीपेठ | २३ जानेवारी, रात्री १०:००

तुमचं म्हणणं पटतं, आणि लहानपणी आमच्याकडे येणारे पाहुणे तिथेच उतरायचे. पण बाबांना जिना चढवत नाही, आणि मी बघितलेल्या तीन जागी लिफ्ट नव्हती किंवा दिवसातून काही तास बंद असायची. रात्री दोनदा उठणाऱ्या माणसाला कमोडच्या बाजूला धरायला दांडी लागते, फरशी घसरडी नको, दिव्याचं बटण हाताशी हवं. म्हणून चेन. तुम्ही म्हणता ती ओळख तिथे मिळाली असती हे खरं आहे, आणि त्याचीच मला भूक होती. दोन्ही एका जागी मिळत नाही का, हाच माझा प्रश्न आहे.

---

रात्रपाळी_नऊ_वर्षं | २४ जानेवारी, रात्री १२:४०

मिळतंय ताई. पाटीवर नसतंय, पोरावर असतंय. ज्या हॉटेलात पोरं तीन-चार वर्षं टिकलीत तिथे मिळतंय. चेन हॉटेलात पोरं सारखी बदलतात, बारा-बारा तास ड्युटी, पगार तोकडा. रिव्ह्यू वाचताना तारे बघू नका, नावं बघा. "अमुक भाऊंनी मदत केली" असं एकच नाव वर्षाच्या अंतराने दोन-तीन रिव्ह्यूंत आलं, तर ते हॉटेल पोरं सांभाळतंय. आणि तुम्ही लिहाल तेव्हा त्या सफाईवाल्या ताईंचं नाव लिहा. आमच्याकडे रिव्ह्यूत नाव आलं की महिन्याच्या मीटिंगला वाचून दाखवायचे, कधी बक्षीस मिळायचं. खुर्ची आणून ठेवणारी माणसं कोणाच्या डोळ्यात येत नाहीत.

---

टेरी_टॉवेल | २४ जानेवारी, सकाळी १०:३०

+१. आणि कोजागिरीला येणाऱ्यांनी लक्षात ठेवा, सोलापूर-तुळजापूर रस्ता चालत जाणाऱ्या भाविकांनी भरलेला असतो, वाहनं दुसऱ्या मार्गाने वळवतात. त्या दिवसांत हॉटेल रस्त्याच्या कोणत्या बाजूला आहे ते बघून घ्या.

---

माहेर_मुरारजीपेठ | २६ एप्रिल, रात्री ८:१५

तीन महिन्यांनी धागा वर आणते आहे. लग्न झालं, परवा परत आलो.

तुम्ही सांगितलं तसंच केलं. आधारवरचा पत्ता मुद्दाम बदलला नाही. होटगी रोडच्या बाजूच्या दोन हॉटेलांना रात्री साडेनऊनंतर फोन केले. पहिल्याने सहाव्या घंटीला उचलला आणि लोकल आयडीचं नाव काढताच "अ‍ॅपवर बघा" म्हणून ठेवला. दुसऱ्या ठिकाणी जो मुलगा बोलला त्याने विचारलं, "आजोबा किती वर्षांचे आहेत?" मी सांगितलं. म्हणाला, "मी मॅनेजरना विचारून दहा मिनिटांत फोन करतो." आठव्या मिनिटाला फोन आला. लिफ्टजवळची पण लिफ्टला भिंत न लागणारी खोली, बाथरूममध्ये खुर्ची आणि बादली, रजईऐवजी चादर, आणि आमच्या ड्रायव्हरला कॉट, सगळं त्याने लिहून घेतलं. लोकल आयडीबद्दल म्हणाला, "सीनियर सिटिझन असतील तर आम्ही घेतो, मॅनेजरांची सही लागते, ती मी आधीच घेऊन ठेवतो."

गाडीने गेलो. टेंभुर्णीच्या पुढे ट्रॅफिक लागलं, पोहोचायला साडेअकरा झाले. तो मुलगा काउंटरवर होता. कार्ड बघून म्हणाला, "मुरारजी पेठ? आमची आत्या तिथेच राहते, आजोबा." मग बाबा आणि तो तिथेच उभ्या उभ्या कुठली गल्ली, कुठला दवाखाना, पलीकडची गिरणी केव्हा बंद पडली यावर बोलत राहिले. मला कार्डाची झेरॉक्स परत घ्यायची होती, मी थांबले. बाबांना बसायला सांगितलं तर बसेनात.

सगळंच छान झालं असं नाही. पहिल्या रात्री शेजारच्या लॉनवर लग्नाचा डीजे पावणेबारापर्यंत चालू होता, आणि सकाळी गरम पाणी यायला नळ सात मिनिटं सोडून ठेवावा लागला. ज्या शहरात पाणी दिवसांआड येतं तिथे ते सात मिनिटं वाहताना बघवत नव्हतं, मी बादलीत धरून ठेवलं. हे दोन्ही मी मॅनेजरांना सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं.

ड्रायव्हरदादांना तळमजल्यावर खोली मिळाली, तिघांत एक, पंखा आणि गरम पाणी. सकाळी त्यांनी दाढी केलेली होती. इनोव्हा दादा, हे तुमच्यामुळे.

टॉवेल मऊ होता. चादर मात्र आधी आली नाही, आठवण करावी लागली. मग आली ती निळी-पांढरी चौकटीची, आमच्या घरी होती तशीच. बाबा त्या रात्री एकदाच उठले.

मी रिव्ह्यूत त्या मुलाचं नाव आणि दोन सफाईवाल्या ताईंची नावं लिहिली आहेत. इथे लिहीत नाही. ज्यांना वयस्कर माणसांना घेऊन जायचं असेल त्यांनी मला निरोप पाठवा, हॉटेल सांगते. गड्ड्यासाठी जायचं असेल तर दिवाळी झाली की लगेच खोली घ्या, आणि जत्रेतल्या अक्षता सोहळ्याच्या दिवशी गाडी होम मैदानाकडे नेता येत नाही, तेव्हा चाकांची खुर्ची हॉटेलकडे आहे का तेही आत्ताच विचारून ठेवा. आमच्या त्या हॉटेलकडे आहे. मी विचारलं.